भिंतीवरचे दहा हजार

"सगळ्यास्नी जायाची घाई. तू तेवढी हुबी ऱ्हा गं बाई," तानाबाई पुटपुटली.

बोलली ती म्हशीला. चंद्री म्हैस तर जागच्या जागी डोळे मिटून रवंथ करत होती. तिला कुठं जायचं नव्हतं. पण चंद्रीच्या पोटाशी चरवी घेऊन चिमणाबाई धार काढत बसली होती, आणि सासूचं बोलणं म्हशीच्या पाठीवरून घरंगळत आपल्याच अंगावर येतं, हे तिला सात वर्षांत पाठ झालं होतं. तिनं आचळाला जरा जोरात ओढ दिली. चंद्रीनं शेपटी तिच्या तोंडावर मारली. म्हणजे सकाळी सकाळी दोघींकडूनही आहेर झाला.

गंगावेशीच्या कट्ट्यावर उजाडताना म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट पेला हातात द्यायचा, हा तिथला रिवाज. बाकीच्या म्हशींपाशी गडीमाणसं असत. चंद्रीपाशी मात्र या दोघी सासूसुना. घरात गडीमाणूस नव्हतं. म्हणजे होतं, पण कुठं होतं हे कुणी सांगत नव्हतं.

तालमीतला सयाजी अंगाची माती न झटकताच आला, पेला एका दमात रिकामा केला, मिशीवरचा फेस जिभेनं टिपला आणि रोजचा प्रश्न टाकला.

"तानामावशी, नोटंचा भाव काय म्हणतोय?"

"रशियात गडबड हाय अजून," तानाबाई गंभीरपणे म्हणाली. "निवळली की चढंल."

"चढला की म्हस इकून हत्ती घ्या. आमी हत्तिणीचं दूध पिऊ."

आजूबाजूची चार माणसं हसली. तानाबाईही हसली. चिमणाबाईला वाटलं, चरवी त्याच्या डोक्यावर पालथी घालावी. हा पैलवान लहानपणी आकारामच्या मागं विट्या गोळा करत फिरायचा. त्याला नोटेची खबर हवी होती. आकाराम कसा आहे, असं त्यानं आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

विचारत कुणीच नव्हतं.

आकाराम म्हणजे तानाबाईचा एकुलता एक लेक आणि चिमणाबाईचा नवरा. लग्नाला वर्ष झालं न झालं तोच तो लढाईच्या खेचरांच्या कंपनीत भरती होऊन गेला. आधी बसऱ्याला, मग कुठं कुठं, आणि लढाई संपल्यावर काळ्या समुद्राकाठच्या बाटुम नावाच्या बंदरात. गल्लीतला बादशहा नालबंद त्याच कंपनीत खेचरांना नाल ठोकायला होता. गेल्याच्या गेल्या साली दिवाळीला बादशहा परत आला. एकटा. येताना आकारामनं दिलेली एक नोट त्यानं आणली होती.

चिमणाबाई तेव्हा दिवाळीला माहेरी, हातकणंगल्याला गेली होती. पंधरा दिवसांनी आली तेव्हा नोट चौकटीत बसून, काच लेवून, देवळीच्या वर भिंतीवर चढली होती आणि तानाबाईनं काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. तळहातापेक्षा चांगली मोठी, मातकट रंगाची नोट. तिच्यावर ढाल घेतलेली एक धिप्पाड बाई, भोवती मुंगळ्यांसारखी लिपी, आणि एकावर चार शून्यं. दहा हजार. शाहू महाराजांच्या राज्यात दहा हजार रुपये ही बघायची नव्हे, ऐकायची गोष्ट. तीन दिवस अख्खी पेठ दर्शनाला येऊन गेली.

"आनि ह्ये? ह्ये कवा येणार?" चिमणाबाईनं त्याच दिवशी विचारलं होतं.

"येईल की. ही नोट मोडायला त्योच पायजे. त्याच्या सहीबिगर मोडत न्हाय म्हणं," तानाबाई म्हणाली होती, आणि चुलीकडं वळली होती.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. या सव्वा वर्षात ज्यानं आकारामचं नाव काढलं त्याला नोटेचा भाव सांगून वाटेला लावलं गेलं. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली, सोयही झाली. एखाद्या घरात जे विचारायला जीभ रेटत नाही, त्याच्याऐवजी विचारायला असं काहीतरी टांगलेलं असलं की सगळ्यांनाच बरं पडतं. बादशहाला विचारावं तर तो तिकडच्या पैशाच्या गमती सांगायचा. सकाळी पाव पाचशेला, दुपारी आठशेला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणणार, नोटा नकोत, साबण असला तर बघा. बायका पाटीत नोटा घालून बाजाराला जायच्या आणि पदरात भाजी घेऊन यायच्या. पाटी चोरीला जायची, नोटा तिथंच ओतून ठेवलेल्या असायच्या. गल्ली पोट धरून हसायची. सगळं ऐकून झाल्यावर उठताना चिमणाबाईच्या ध्यानात यायचं, की आपण नवऱ्याचं विचारायला आलो होतो.

आणि आता तिला विचारल्यावाचून चालणार नव्हतं. तिचा थोरला भाऊ आण्णा आज दुपारी येणार होता. हातकणंगल्याजवळ गणपतराव म्हणून गुऱ्हाळवाले होते, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, पोरबाळ नाही. त्यांनी चिमणाबाईशी पाट लावायचं, म्हणजे दुसरेपणाचं लग्न करायचं, विचारलं होतं. संक्रांतीला माहेरी गेली असताना चिमणाबाईनं त्यांना पाहिलंही होतं. काहिलीतला गूळ पळसाच्या पानावर घालून त्यांनी पुढं केला होता आणि म्हणाले होते, "भाजंल. जरा दम काढा." एवढंच. पण तिच्याशी भाव सोडून दुसरं काहीतरी बोललेला सव्वा वर्षातला तो पहिला माणूस होता. शिमग्यापर्यंत थांबतो, म्हणाले होते. शिमगा आठ दिवसांवर आला होता.

जातीत पाट चालत होता, काडीमोडही चालत होती. महाराजांनी त्याचा कायदाही केलाय, असं लोक सांगत. पण पंच अडून बसले होते: नवरा मेला असंल तर तसं सांगा, सोडलं असंल तर त्याचा शब्द दाखवा. दोन्हीतलं काहीच नसलं तर बाई नांदती. आता ती नांदत होती. म्हशीबरोबर, सासूबरोबर आणि भिंतीवरच्या ढालवालीबरोबर.

कट्ट्यावरून घरी आल्यावर तानाबाई दुधाचे रतीब घालायला निघून गेली. चिमणाबाईनं पाटावर चढून चौकट खाली उतरवली, पदरानं काच पुसली, कुंकू पदराला लागलं तर लागू दे म्हणाली, आणि चौकट काखेत मारून बादशहाच्या दुकानी गेली. बेत साधा होता. आज या नोटेची किंमत एकदाची तोंडातून वदवून घ्यायची. काही येत नसलं तर तसं सासूला तोंडावर सांगायचं. मग नोटेच्या भावाचं बोलणं संपेल आणि माणसाचं सुरू होईल.

बादशहा पळून जाण्यासारख्या अवस्थेत नव्हता. मलकापूरच्या गाडीवाल्याचा एक खिल्लारी बैल त्यानं आडवा पाडला होता, चारी पाय बांधले होते आणि त्यावर गुडघा रोवून तो नाल ठोकत होता. चौकट बघताच त्यानं चार-पाच खिळे घाईनं ओठांत धरले.

"बादशहाभाई, ह्या नोटंचं इथं काय येतंय?"

"म्म्," बादशहा म्हणाला.

"मी थांबतो की. खिळं सरूद्यात."

ती समोरच्या दगडावर बसली. बादशहानं एक खिळा इतक्या सावकाश ठोकला, की बैलानंही मान वळवून पाहिलं. दुसरा ठोकला. तिसरा वाकडा केला, उपटला, सरळ केला, पुन्हा ठोकला. पण नालेला भोकं मोजकीच असतात. शेवटी ओठ रिकामे झाले.

"वैनी, तिकडं काय सांगू तुमास्नी, सकाळचा भाव दुपारला..."

"त्ये मला तोंडपाठ हाय. पाव, साबण, पाटी. इथं काय येतंय?"

बादशहानं गाडीवाल्याकडं पाहिलं. गाडीवाला बैलाकडं पाहू लागला.

"काय येत न्हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिथंच येत नव्हतं तर इथं काय येनार? मासं बांधून द्यायचं लोक त्यात. आमी इस्तव पेटवायचो."

"मग ह्येनी ती धाडली कशाला? सव्वा वर्स आमी हळदीकुंकू वातोय."

"धाडायला त्यानं पैसं धाडलेच न्हाईत वैनी." आता सुटलं की एकदम सुटावं तसा तो बोलून गेला. "जहाज सुटायचा टायम. म्हटलं, आकाराम, चार अक्षरं लिहून दे, मी घरात काय तोंड दावू? म्हनला, कागद कुठाय? साऱ्या बंदरात कोरा कागद मिळंना. मग हसला आन् म्हनला, हाय की, धा हजाराचा. आनि मागं..."

त्यानं पुन्हा खिळ्यांच्या डब्यात हात घातला.

"मागं काय?" चिमणाबाई उठून उभी राहिली. "चिठ्ठी लिवली? ह्याच्या मागं?"

"मला वाचाय येत न्हाय."

"पर त्येनी सांगितलं असंल तुमास्नी, काय लिवलंय त्ये."

"मी मावशींच्या हातात दिली. तुमी न्हवता. माझं काम तिथं संपलं." त्याचा चेहरा घामानं आणि शरमेनं चमकत होता. "चौकट अमीननं केलीया. त्याला इचारा. मला ह्यो बैल सोडायचा हाय."

बैल खरोखरच सोडायचा होता. पण तो बांधलेलाच राहिला आणि बादशहा त्याच्या गुडघ्याकडं बघत बसला, एवढं तिनं जाता जाता पाहिलं.

अमीन जिल्दगराचं दुकान चार घरं पलीकडं. सरकारी दफ्तरांच्या वह्या बांधून बांधून त्याला मोडी आणि बाळबोध दोन्ही डोळे झाकून वाचता येई; आणि उरलेल्या वेळात तो देवांच्या तसबिरींना चौकटी करी. चिमणाबाईनं चौकट त्याच्या पुढ्यात ठेवली आणि उघडायला सांगितली. त्यानं मागचे खिळे उपसले, काच बाजूला केली, पुठ्ठा बाहेर काढला. नोट पुठ्ठ्यावर होती. म्हणजे ती आता नोट नव्हती आणि पुठ्ठाही नव्हता. दोन्हींचं मिळून एकच काहीतरी झालं होतं. नखानं कोपरा उचकटायला गेली तर नखच वाकलं.

"चिकटीवलीय?"

"खळ लावलीय," अमीन म्हणाला.

"तसबिरीला लावता तशी?"

अमीननं चष्मा काढून पुसला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याकडं कुणी फारसं काही विचारायला जात नसे. "तसबिरीला मी चार कोपऱ्यांवर बोट फिरवतो. हिला सगळीकडं लावली. दोन हात दिले. वर दगूड ठेवून रातभर दाबली."

"का?"

"सांगितलं तसं केलं."

"आनि चिकटवायच्या आधी मागचं वाचलं असशीला."

"वाचून दाखवलं. ज्यानं आणली त्याला." मग स्वतःचं बोलणं सुधारत म्हणाला, "जिनं आणली तिला."

"मग मला बी दाखवा की."

"ताई, आता काय दाखवू? पुठ्ठा भिजवला तर खळ सुटंल. पर शाई कच्ची हाय, पेन्सिल न्हवं. कागद हातात यील, अक्षरं पाण्यात जातील."

"न्हाय वो. तुमी वाचलं हुतं न्हवं? तोंडानं सांगा."

अमीन उपसलेले खिळे गोळा करू लागला. बाहेर कुणाची तरी गाडी खडखडत गेली. "दुसऱ्याच्या घरची चिठ्ठी मी वाचतो, बोलत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "बोलायला लागलो तर ह्या गावात ऱ्हायला जागा मिळायची न्हाय. घरी विचारा."

चिमणाबाईला रडू आलं नाही, राग आला. तोही कुणा एकाचा नाही. बादशहा चांगला माणूस, अमीन चांगला माणूस, सयाजीसुद्धा चांगलाच. एवढी सगळी चांगली माणसं सव्वा वर्ष मिळून तिच्या नवऱ्याच्या चार ओळी तोंडात धरून बसली होती, आणि जो तो तिला दुसऱ्याच्या दारात पाठवत होता. तिनं पुठ्ठा उचलला. काच आणि चौकट तिथंच टाकली.

ती घरी आली तेव्हा आण्णा येऊन घोंगड्यावर टेकला होता. तानाबाईनं त्याला गूळपाणी दिलं होतं आणि त्याच्या समोर, पण त्याच्याकडं न बघता, ती लसूण सोलत होती. भिंतीवर नोटेच्या जागी चौकोनी पांढरा डाग होता. तो तानाबाईनं आल्याआल्याच पाहिला असणार.

आण्णाची नजर बहिणीच्या हातातल्या पुठ्ठ्यावर गेली. "हीच व्हय ती? मी म्हटलं, मावशी, हिचा भाव आला तर गणपतरावांच्या गुऱ्हाळाशेजारी दुसरं गुऱ्हाळ..."

"आण्णा, भावाचं नाव काढलंस तर उठून जा," चिमणाबाई म्हणाली.

आण्णानं गुळाचा खडा तोंडात टाकला.

ती माजघरातून पितळेची परात घेऊन आली. घागरीतलं पाणी परातीत ओतलं. परात सासूच्या पुढ्यात ठेवली, स्वतः मांडी घालून समोर बसली आणि पुठ्ठा पाण्याच्या वर धरला.

"आत्या, ह्याच्या मागं चिठ्ठी हाय."

तानाबाई लसूण सोलत राहिली.

"मला कळलंय. बादशहाभाई बोलून बसलं. अमीननं बी कबूल केलं, तुमीच खळ लावाय सांगितली त्ये. काय लिवलंय एवढंच कोण सांगत न्हाय."

"त्यो अमीन कवाबी..." तानाबाईनं सुरू केलं आणि सोडून दिलं.

"मी भिजवतो. काय ऱ्हाईल त्ये ऱ्हाईल."

"भिजवली की अक्षरं जातील, म्हणला न्हवं अमीन?" आण्णा मध्येच बोलला. मग आपण हे कुठून ऐकलं असं बहिणीला वाटेल म्हणून कावराबावरा झाला. "मी... येताना त्याच्या दुकानावरनं आलो. तू आत हुतीस. तुमचं बोलणं कानावर पडलं. तसाच फुडं आलो."

म्हणजे आण्णाही. चिमणाबाईला हसूच आलं. कोरडं, एका बाजूनं आलेलं. "जाऊंद्यात अक्षरं. नसल्यात जमा हाईत तशी बी. आता हाईत तर मला न्हाईत. गेली तर कुणालाच न्हाईत. मग सगळी सारखी."

ती बोलली आणि बोलल्यावर तिला दिसलं, की सासूला एवढंच करायचं आहे. गप्प बसायचं. पुठ्ठा पाण्यात जाईल, शाई निळी होऊन परातीत पसरेल, आणि त्यानंतर कुठल्याही पंचापुढं दाखवायला काही उरणार नाही. चिमणाबाई नांदतीच राहील. उद्या उजाडताना म्हशीच्या एका अंगाला ती असेल आणि तोंडाशी तानाबाई. सव्वा वर्षापूर्वी अमीनच्या दोन हातांनी जे पुरं झालं नव्हतं ते आता सुनेच्या हातानं पुरं होईल, आणि सासूला बोलही लागणार नाही.

तानाबाईलाही ते दिसलं होतं. लसणाची पाकळी तिच्या नखात अडकून राहिली.

सात वर्षांत सासूनं तिला कधी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. तापात पडली तेव्हा तीन दिवस उशाशी बसून पाय चेपले होते, सासूनं सुनेचे. हे आठवायची ही वेळ नव्हती आणि नेमकं तेच चिमणाबाईला आठवलं, म्हणून तिला आणखीच वैताग आला. पुठ्ठ्याची कड पाण्याला टेकली. ओल चढायला लागली. ढालवाल्या बाईचे पाय गडद झाले.

"थांब," तानाबाई म्हणाली.

चिमणाबाई थांबली, पण पुठ्ठा वर उचलला नाही.

"काढ त्ये पाण्यातनं. पंचास्नी लागंल. मी सांगितलं की अमीन बोलंल त्यांच्याफुडं." तानाबाईनं पदरानं नाक पुसलं, लसणाचं ताट बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच आण्णाकडं नीट वळली, जणू हे त्यालाच सांगायचं होतं, मग तसंही जमेना म्हणून सुनेकडं पाहिलं. "बंदरात कोण पाववाली हाय, तिच्यापाशी ऱ्हायलाय त्यो. सुकात हाय. मी येणार न्हाय, चिमणीला मोकळी करा, असं लिवलंय त्यानं. त्यानं केलतं गं तुला मोकळी. मीच केली न्हाय."